विसरलेले सुपरहिरो पुन्हा उभे करायचेत? तिघा कोल्हापूरकर पोरांना सविस्तर उत्तर

तुम्ही तिघांनी जे विचारलंय ते थोडक्यात असं: १९४०च्या दशकातले आता कुणाला माहीत नसलेले अमेरिकन सुपरहिरो, सोबत इंद्रजाल कॉमिक्समधला बहादूर, बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, असे मिळून चौदा जण एका टीममध्ये घ्यायचेत. ते सगळे आजच्या कोल्हापुरात जागे होतात आणि एकत्र लढतात. मग हक्कांचं काय, चौदा जास्त होतात का, आणि ज्यांना कुणी ओळखतच नाही त्यांच्यासाठी वाचकानं पैसे का मोजावेत. मी बरीच वर्षं कॉमिक्सच्या स्क्रिप्ट लिहितोय आणि दुसऱ्यांच्या एडिट करतोय, त्यामुळं जमेल तेवढं सगळं सांगतो. सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातनंच निघतात.

वाचक या हिरोंचं काही देणं लागत नाही, हे आधी पक्कं धरा. बॅटमॅन आला की वाचकाच्या डोक्यात त्याचा सगळा इतिहास आपोआप येतो, पण ब्लॅक टेरर म्हटल्यावर राजारामपुरीतल्या कॉलेजच्या पोरीला काय आठवणार? काहीच नाही. म्हणजे 'अरे हा परत आला!' हा आनंद तुमच्याकडं भांडवल म्हणून नाहीच. पहिल्या अंकात एखाद्या हिरोची एन्ट्री मोठ्या पानभर चित्रात दाखवून खाली नुसतं नाव लिहिलं तर ते फक्त तुम्हा तिघांना भारी वाटेल. मग तुमच्याकडं आहे काय? तर जुन्या गोष्टीत राहून गेलेलं काहीतरी. या हिरोंच्या गोष्टी घाईत लिहिलेल्या असायच्या, आठ-दहा पानांच्या, दर महिन्याला, आणि त्यात लेखक कायतरी जबरदस्त टाकायचा आणि पुढच्या अंकात विसरून जायचा. ती विसरलेली गोष्ट शोधायची. तिच्यावरच अख्खी टीम उभी राहते, बाकी पोशाख आणि शक्ती नंतर बघता येतात.

उदाहरण देतो. आज डेअरडेव्हिल म्हटलं की मार्व्हलचा आंधळा वकील आठवतो, तो १९६४चा. त्याच्या आधी १९४० साली सिल्व्हर स्ट्रीक कॉमिक्सच्या सहाव्या अंकात त्याच नावाचा एक वेगळाच हिरो आला होता, अर्धा-अर्धा दोन रंगांचा पोशाख, हातात बूमरँग, आणि तो मुका होता. मुका! आणि लगेचच लेखकांनी ते सोडून दिलं आणि तो सगळ्यांसारखा बोलायला लागला. २००८ साली अ‍ॅलेक्स रॉस आणि जिम क्रूगर यांनी 'प्रोजेक्ट सुपरपॉवर्स'मध्ये त्याला परत आणला तेव्हा त्यांनी नेमकं तेच धरलं, त्यांचा हिरो अजिबात बोलत नाही. नाव मात्र बदलावं लागलं कारण ते आता मार्व्हलकडं आहे, म्हणून 'डेथ-डिफाइंग डेव्हिल'. एवढ्या गर्दीत तोच लक्षात राहतो, का, तर त्याच्याकडं एक अशी गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाकडं नाही.

याहून चांगलं काम २००६च्या 'एजंट्स ऑफ अ‍ॅटलस'मध्ये जेफ पार्करनं केलंय, ते तर तुम्ही वाचाच. त्यातला गोरिला-मॅन १९५४च्या एका छोट्या गोष्टीतला. एका माणसाला मरणाची भीती वाटते, दंतकथा अशी की त्या गोरिला-माणसाला जो मारेल तो अमर होईल, हा मारतो आणि अमर होतो, पण गोरिला होऊन. गोष्ट संपली. पार्करनं विचारलं, मग पुढची पन्नास वर्षं त्यानं काय केलं? बस, तिथनं आख्खं पात्र निघालं. आणि व्हीनसचं तर लईच हुशारीनं केलंय. १९४८ साली तिचं कॉमिक सुरू झालं तेव्हा ते हलकंफुलकं रोमान्सचं होतं, मग विज्ञानकथा झाली, मग शेवटी भुताखेताची, खप वाढवायला प्रकाशक दिशा बदलत गेले. दुसऱ्या कुणी यातला एक भाग निवडून बाकीचा गुपचूप गाळला असता. पार्करनं त्या गोंधळालाच कारण दिलं: ती देवी नाहीच, ती गाण्यानं माणसं ओढणारी सायरन आहे आणि स्वतःला देवी समजत आलीय. जुन्या लेखनातली चूक हीच नव्या कथेची चावी झाली.

तर पहिलं काम म्हणजे मूळ अंक वाचणं. विकिपीडियावरचा परिच्छेद वाचून पात्र निवडू नका, त्यात फक्त शक्ती आणि पोशाख असतो, राहून गेलेलं कायच नसतं. डिजिटल कॉमिक म्युझियम या वेबसाइटवर या काळातले, कॉपीराइट न उरल्यानं सगळ्यांना खुले झालेले अंक स्कॅन करून ठेवलेत, फुकट आहेत. आपल्याकडच्या जुन्या रहस्यकथा आणि मासिकं बघायची असतील तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन विचारा, १८५०ची संस्था आहे, घरबसल्या मिळणार नाही असं तिथं सापडू शकतं. प्रत्येक हिरोचे निदान तीन-चार अंक वाचून एका पानावर लिहा, या माणसाला काय हवं होतं आणि ते मिळालं का. ज्याचं पान भरत नाही तो यादीतनं गेला, मग त्याचा मुखवटा कितीही देखणा असू दे.

आता चौदाचं. माझं मत, जास्तीत जास्त पाच, पहिल्या अंकात तर तीनच. प्रोजेक्ट सुपरपॉवर्स चित्रांसाठी मी परत परत बघतो पण वाचताना दमायला होतं, इतकी माणसं येतात की कुणाचं काय दुखतंय ते कळायच्या आत दुसरा उडत येतो. १९४०च्या हिरोंची अजून एक अडचण म्हणजे निम्म्यांच्या शक्ती सारख्याच आहेत, सुपरमॅन गाजला म्हणून प्रत्येक प्रकाशकानं एक ताकदवान माणूस काढला. ब्लॅक टेरर हा औषधांच्या दुकानातला केमिस्ट, एका रसायनानं ताकद येते. तुमच्या यादीत असे ताकदवाले सहा आहेत. मारामारीच्या पानावर सहा जण एकच गोष्ट करणार असतील तर चित्र काढणाराही कंटाळेल. त्यातला एकच ठेवा, आणि तो शक्तीवरनं नको, स्वभावावरनं निवडा. मी असतो तर ब्लॅक टेरर ठेवला असता कारण केमिस्ट हा पेशाच आपल्याला कळतो, दुकानात बसणारा, लोकांची दुखणी ऐकणारा माणूस, तो महाद्वार रोडवर एखाद्या मेडिकलमध्ये काम मागायला जाऊ शकतो आणि बिचाऱ्याला निम्म्या औषधांची नावंही माहीत नसतील कारण तो निजला तेव्हा पेनिसिलिन नुकतं आलं होतं. बघा, एका ओळीत सीन मिळाला.

टीम का एकत्र राहते याचं उत्तर 'व्हिलन मोठा आहे म्हणून' एवढंच असेल तर व्हिलन हरला की टीम संपली. प्रत्येक जोडीबद्दल लिहून काढा, याला त्याचं काय पटत नाही, आणि याला त्याच्याकडनं असं काय हवंय जे दुसरीकडं मिळणार नाही. पाच जणांच्या दहा जोड्या होतात, चौदांच्या एक्क्याण्णव होतात, आता तुम्हीच ठरवा. २००८च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'त हेच जमलं. नाव १९६९च्या टीमचं, पण आत माणसं दुसरीच आणि बहुतेक अडगळीतली. त्यातला ग्रूट १९६० साली पृथ्वीवर चाल करून आलेला राक्षस होता आणि तेव्हा लांबलचक भाषणं ठोकायचा, आताचा ग्रूट तीनच शब्द बोलतो. म्हणजे पात्राला वाढवायला त्याच्यात भर घालावी लागते असं नाही, कधी कधी सगळं काढून एकच गोष्ट ठेवली की ते उजळतं.

आता सगळ्यात अवघड भाग, मधली ऐंशी वर्षं कशी पार करायची. तुम्ही लिहिलंय 'जागे होतात'. हा रस्ता मळलेला आहे, म्हणून वाईट नाही, पण कुठून कुठून गेलाय ते माहीत हवं. कॅप्टन अमेरिका १९६४ साली बर्फातनं निघाला. मार्व्हलच्या 'द ट्वेल्व्ह'मध्ये बारा हिरो १९४५च्या बर्लिनमध्ये नाझींच्या हाती लागून गोठवले जातात आणि २००८ साली सापडतात. अ‍ॅटलसमध्ये एक जण अमर, एक रोबो, आणि टीमचा म्होरक्या जिमी वू म्हातारा होऊन मरायला टेकलेला असताना त्याला परत १९५८च्या वयावर आणतात, पण मधल्या सगळ्या वर्षांची आठवण पुसली जाते. मला ही शेवटची युक्ती सगळ्यात भारी वाटते कारण त्यात किंमत मोजावी लागते. चौथा रस्ता वारशाचा, १९९४च्या 'स्टारमॅन'मध्ये जुन्या हिरोचा मुलगा, जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा, मनात नसताना बापाचं काम पुढं नेतो. आणि पाचवा म्हणजे आजच्या काळात आणूच नका, गोष्ट तिकडंच घडू द्या, जसं रॉय थॉमसनं १९७५ला 'इन्व्हेडर्स' दुसऱ्या महायुद्धातच ठेवलं.

तुम्ही या पाचातलं काही घ्या, पण पाचही हिरोंना एकच युक्ती लावू नका. सगळे एकाच गुहेतनं एकाच दिवशी जागे झाले की सगळ्यांचा धक्काही एकसारखाच, आणि मग पहिले दोन अंक मोबाईल बघून चकित होण्यात जातात. एक झोपलेला असू दे, एक सगळी ऐंशी वर्षं जगून थकलेला, आणि एकीच्या जागी तिची नात. मग बोलायला विषय आपोआप निघतात, झोपलेला म्हणतो आपण जिंकलो ना, आणि जो जागा होता तो काय उत्तर देईल?

आणि कोल्हापूरच का? हा प्रश्न मी कुणालाही विचारतो, पुणं असो की मुंबई. रंकाळा, तांबडा-पांढरा, अंबाबाईचं देऊळ मागं दिसलं म्हणून गोष्ट कोल्हापूरची होत नाही. इथं ते का जागे झाले याला कारण पाहिजे आणि भावांनो ते कारण आपल्या दारातच पडलंय, कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि पोरं जास्त, रशियातनं इराणमार्गे आलेली. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं, ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ला. म्हणजे १९४०च्या दशकातला एखादा परदेशी हिरो युद्ध सोडून एखाद्या निर्वासित पोराला सुखरूप पोचवायला वळिवड्यापर्यंत आला आणि इथंच राहून गेला, हे कुणाला ओढूनताणून आणलेलं वाटणार नाही. अमेरिकेतल्या लेखकाला हे सुचणारच नाही, तुम्हाला सुचलं पाहिजे. हवाई हल्ले आणि नाझी टँक दाखवायची गरज नाही, छावणीतला एक दिवस नीट दाखवलात तरी वाचक अंक खाली ठेवणार नाही.

बाहेरच्या हिरोंबद्दल अजून एक. त्या काळच्या अमेरिकन कॉमिक्समध्ये पूर्वेकडचं सगळं गूढ आणि विचित्र असायचं. ग्रीन लामा नावाचा हिरो १९४०चा, श्रीमंत अमेरिकन माणूस तिबेटात जाऊन येतो आणि 'ॐ मणि पद्मे हूँ' म्हटलं की त्याला शक्ती येते. तिकडच्या वाचकाला तो मंतर म्हणजे जादू. आपल्याकडं धरमशालेला जाऊन आलेल्या कुणीही तो दगडावर कोरलेला पाहिलाय, करुणेचा मंत्र म्हणून. मग तुमच्या अंकात त्याला एखादी तिबेटी म्हातारी भेटते, थंडीत स्वेटर विकायला आलेली, आणि ती हा मंत्र रोज पुटपुटते आणि तिला काही शक्तीबिक्ती येत नाही, तर तो माणूस तिच्याशी काय बोलेल? हे तुम्ही इथं बसून लिहू शकता, आणि प्रामाणिकपणे लिहू शकता. त्याच काळात जपानी लोकांची, काळ्या लोकांची जी घाणेरडी व्यंगचित्रं काढायचे ती मात्र लपवू नका आणि तशीच उचलूही नका. एखाद्या हिरोनं तेव्हा जे केलं त्याची आज त्याला लाज वाटत असेल तर तेही राहून गेलेलंच आहे की.

हक्कांचं आता पटापट सांगतो पण लक्ष देऊन वाचा. अमेरिकेत १९६४च्या आधी छापलेल्या गोष्टीचा कॉपीराइट अठ्ठाविसाव्या वर्षी रिन्यू करावा लागायचा, नाही केला तर ती खुली. बुडालेल्या छोट्या प्रकाशकांनी केलं नाही म्हणून ब्लॅक टेररसारखे हिरो खुले मानले जातात. पण खुली फक्त मूळ गोष्ट, नंतर कुणी दिलेला नवा पोशाख, नवं नातं, नवा भूतकाळ हे त्यांचं असतं, त्याला हात लावू नका. आपल्याकडं कायदा वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. अर्नाळकरांना जाऊन तेवढी वर्षं झालेली नाहीत, म्हणजे झुंजारसाठी वारसांची लेखी परवानगी लागणारच. बहादूर आबिद सुरतींनी १९७६ साली उभा केला, डाकूचा मुलगा पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो आणि गावकऱ्यांना डाकूंशी लढायला शिकवतो, तुमच्या यादीतली सगळ्यात सकस गोष्ट तीच आहे, पण तिचे हक्क अजून चालू आहेत, परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही. परवानगी मिळालीच तर करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहून घ्या, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. तुम्ही तिघांनीही आपसात असाच कागद करा, आत्ताच, मैत्री चांगली असताना. आणि छापायच्या आधी एकदा या विषयातल्या वकिलाला यादी दाखवा.

परवानगी नाही मिळाली तर रडू नका. अ‍ॅलन मूरनं 'वॉचमेन' आधी चार्लटन या प्रकाशकाच्या, डीसी कंपनीनं विकत घेतलेल्या जुन्या हिरोंवर बेतला होता, ते वापरू दिले नाहीत म्हणून नवी पात्रं केली, आणि त्यामुळंच त्याला त्यांचं काहीही करता आलं. तुम्हीही टीममधला निदान एक हिरो स्वतःचा करा, जुना वाटेल असा, इथलाच. मला सुचतो तो मूकपटातला स्टंटवाला. बाबुराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२०चा, त्याच काळात कोल्हापुरात घोड्यावरनं, कड्यावरनं उड्या मारणारी पोरं तयार झाली. प्रभात फिल्म कंपनी इथं १९२९ला सुरू झाली आणि १९३३ला पुण्याला गेली. कंपनी गेली आणि हा स्टंटवाला मागं राहिला. चेहऱ्यावर मुखवटा बांधून पडद्यावर केलं तेच मग तो रात्री खरं करायला लागला. हा तुमचा, याच्यासाठी कुणाला विचारायला नको.

चित्रांबद्दल. जुन्या छपाईचे ठिपके फिल्टर लावून आणू नका, ते सगळेच करतात आणि पानं मळकी दिसतात. जुन्या पोशाखांचे रंग भडक आणि मोजके का होते तर स्वस्त कागदावर लांबनं ओळखू यावेत म्हणून, तेवढी शिस्त घ्या, प्रत्येक हिरो नुसत्या काळ्या सावलीत ओळखता आला पाहिजे. आणि शरीरं जिमच्या फोटोंवरनं काढू नका. १९४०चा ताकदवान माणूस पॅकवाला नव्हता. गंगावेश नाहीतर मोतीबाग तालमीत पहाटे जा, वस्तादांना विचारून एका कोपऱ्यात बसा आणि स्केच करा. मान आणि खांदे एक झालेले, पोट जाड पण दगडासारखं, मांड्या, सुजून कायमचे घट्ट झालेले कान. धरताना पैलवान आधी पाय कुठं ठेवतो ते बघा. मारामारीची पानं तिथंच सुधारतील, याबद्दल मला काडीची शंका नाही.

तिघांची स्टाईल वेगळी आहे ही तुम्हाला अडचण वाटतेय, मला नाही वाटत. पहिली सुपरहिरो टीम १९४० साली ऑल-स्टार कॉमिक्सच्या तिसऱ्या अंकात आली तेव्हा ते एकत्र लढलेच नाहीत, टेबलाभोवती बसून प्रत्येकानं आपली एक गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या चित्रकाराची. तुमचा पहिला अंक तसाच करा. तीन हिरो, तिघांचं एकेक प्रकरण, शेवटच्या चार पानांत सगळे एका खोलीत. ती चार पानं मात्र एकानंच काढायची.

आणि सगळे अंक लिहून, निदान निम्मे काढून झाल्याशिवाय पहिला छापू नका. 'द ट्वेल्व्ह'चे आठ अंक २००८मध्ये आले आणि उरलेले चार २०१२मध्ये, एवढ्या मोठ्या कंपनीचं, एवढ्या चांगल्या कथेचं असं झालं. चार अंकांची गोष्ट ठरवा, पूर्ण करा.

लेटरिंगला लोक शेवटी बसतात ते चुकीचं आहे. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार, त्यामुळं दोन ओळींच्या मध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते आणि फुगा फुगत जाऊन चेहरा झाकतो. स्केच करतानाच फुगे टाका, एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर जाऊ नका. प्रेसमध्ये श्रीलिपी हे फॉन्टचं सॉफ्टवेअर असेल आणि तुमचं काम युनिकोडमध्ये, तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार चित्रासारखे पक्के करूनच पीडीएफ द्या. सेंटर पिन, म्हणजे मधोमध पिना मारून बांधणी करणार असाल तर पानं चारच्या पटीत, कव्हरसकट. पहिल्यांदा डिजिटल प्रिंटवर थोड्या प्रती काढून लोकांना वाचायला द्या, कॉमिक्स न वाचणाऱ्यांना आधी, मग ऑफसेटचा विचार करा.

टीमचं नाव तुम्ही मला सांगितलेलं नाही. ठरलं असेल तर लोगो काढायच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोधून बघा, फुकट आहे, छापील साहित्यासाठी वर्ग १६ आणि पुढंमागं वेब सीरिजचा विचार असेल तर ४१. मूळ हिरोंची नावंही त्याच वेळी एकेक करून टाका, कारण गोष्ट खुली असली तरी नाव कुणीतरी धरलेलं असू शकतं. चौदाची पाच झालेली यादी आणि प्रत्येकाचं ते एक पान मला पाठवा, मी वाचून प्रत्येकावर लिहीन.